सुतावरून स्वर्ग

सोलापुरात ‘सूत’ हा शब्द कानावर पडला, तर अर्थ लावण्याआधी बोलणाऱ्याचा कान पाहावा. कानावर पेन्सिल अडकवलेली नसेल, तर ते सूत मागावरचे. त्याचा भाव चढला की पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे चेहरे उतरतात. पेन्सिल असेल, तर ते सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वजनमापे दशमान करणारा कायदा १९५६ साली झाला. सुतार त्या कायद्याचा अनादर करत नाही, त्याला तो वाचायला सवड मिळालेली नाही एवढेच. तो अजूनही दरवाजाचे माप ‘सहा फूट सहा इंच दोन सूत’ असेच सांगतो आणि दरवाजा बसतोही. या दोन सुतांखेरीज एक तिसरे सूत असते आणि हा लेख त्याच्याविषयी आहे. ते मागावर विणले जात नाही आणि दरवाजातही बसत नाही. ते एखाद्या हौशी गृहस्थाच्या डोक्यात असते. त्याने घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुने, गंजलेले रंधा मशीन आणून ठेवलेले असते आणि त्या मशीनच्या मागच्या टेबलाचा डावा कोपरा एक सूत खाली बसलेला असतो. त्या एका सुतापायी हा गृहस्थ दोन उन्हाळे, एक दिवाळी आणि घरातल्या सर्वांची सहानुभूती खर्च करतो. लोक त्याला वेडा म्हणतात. माझे म्हणणे असे की तो वेडा नाही, त्याचा जमाखर्च चुकीच्या खात्यावर मांडला जातो आहे.

आधी यंत्र कोणते ते सांगायला हवे, कारण आजकाल रंधा म्हटले की लोकांना हातात मावणारे, गुणगुणणारे, प्लॅस्टिकच्या पेटीत झोपणारे खेळणे आठवते. हे तसे नव्हे. हे बिडाचे असते. म्हणजे ओतीव लोखंडाचे, बीड जिल्ह्याचे नव्हे. वजन तीनचारशे किलो. दोन लांबलचक टेबले, त्यांच्या मधल्या फटीत फिरणारा लाटण्यासारखा रूळ, त्या रुळात बसवलेली पाती. फळी एका टेबलावरून दुसऱ्यावर ढकलली की खालची बाजू सपाट होऊन निघते. इतकेच काम. इंग्लंडात रॉचडेलच्या थॉमस रॉबिन्सनचा कारखाना १८३८ चा आणि लेस्टरच्या वॅडकिनचा १८९७ चा. अशा कारखान्यांची यंत्रे, नाहीतर त्यांच्याकडे बघून आपल्याकडच्या ओतशाळांनी ओतलेली त्यांची भावंडे, गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या सुतारखात्यांत उभी असत. गिरणी नुसत्या सुतावर चालत नाही, तिला सुतारही लागतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाचा त्या टोकाला फेकला जाणारा धोटा लाकडाचा, त्याला फटका मारणारा दांडा लाकडाचा, कांड्या लाकडाच्या. एवढी मारामारी दिवसभर चालू असली की दुरुस्तीला एक खाते लागतेच. पुढे गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि ही यंत्रे किलोच्या भावाने बाहेर पडली. भंगारवाला त्यांच्याकडे पाहतो तेव्हा त्याला यंत्र दिसतच नाही, वजन दिसते. म्हणूनच ते वजन वाटाघाटी करून उचलणाऱ्या चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला तो मनापासून विचारतो, “मालक, काय करालाव ह्याचं?” हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘फळ्या रंधणार’ हे उत्तर गिऱ्हाईक देते, भंगारवाल्याला ते पटते, घरच्यांना पटल्यासारखे दाखवावे लागते, आणि पुढच्या सगळ्या गैरसमजाचे मूळ त्या उत्तरातच असते.

कारण फळ्या रंधणे हा उद्देश धरला, तर हिशेब कुठल्याही बाजूने जुळत नाही. बेअरिंगे नवी, पाती नवी, पट्टा नवा, मोटर नवी, मोटरीसाठी खांब नवा, यंत्र टेम्पोतून उतरवणाऱ्या चार हमालांची मजुरी, आणि हमालांनी उतरवताना फोडलेल्या पायरीची डागडुजी. एवढ्यात घराजवळच्या सुताराकडून आयुष्यभर लागतील तेवढ्या फळ्या रंधून मिळतील, वर तो चहाही पाजेल. टीकाकार इथे हमखास ती म्हण काढतात: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ही म्हण गेल्या कित्येक पिढ्यांतल्या हौशी माणसांना गप्प करत आली आहे, आणि तिच्यावर आजवर कुणी साधी बेरीजही करून पाहिलेली दिसत नाही. चार आणि बारा मिळून सोळा आणे होतात. सोळा आणे म्हणजे पुरा रुपया. आणि मराठीत एखादी गोष्ट उत्तम, अस्सल, बावनकशी असेल तर आपण तिला सोळा आणे म्हणतो. म्हणजे म्हण रचणाऱ्याने हिशेब अगदी चोख केला आणि मग त्यालाच हसला. शिवाय ज्याने एकदा तरी मटण-कोंबडीच्या जेवणाची चर्चा ऐकली आहे, त्याला ठाऊक असते की जेवणावळीनंतर कोंबडीविषयी कुणीच बोलत नाही. मसाला कुणी भाजला, खोबरे किती घातले, काळे तिखट कुठले, एवढीच चर्चा होते. कोंबडी हे मसाल्याचे निमित्त असते. फळी हे रंधा मशीनचे निमित्त असते. एकदा हे मान्य केले की बाकीचा खर्च उधळपट्टी ठरत नाही.

मसाला नेमका कसला, हे पाहायला जरा जवळ जावे लागेल. एक नट घेऊ. बेअरिंगचे झाकण धरून ठेवणारा, गंजाने लालभडक झालेला नट. हौशी माणूस अर्ध्या इंचाचा बोल्ट पाहतो आणि अर्ध्या इंचाचा पाना घेतो. पाना बसत नाही. कारण जुन्या इंग्रजी पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून आतल्या बोल्टच्या जाडीचा असतो. त्या ‘अर्ध्या इंचाच्या’ पान्याचा जबडा प्रत्यक्षात जवळजवळ इंचभर उघडा असतो. ही पद्धत जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या गृहस्थाची. १८४१ साली त्याने आट्यांची मापे ठरवून दिली. आट्याचा कोन ५५ अंश. पुढे जगाने ६० अंश पसंत केले. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंची बोल्टला इंचात बारा आटे आणि अमेरिकन अर्ध्या इंचीला तेरा. त्यामुळे बारावाल्याच्या नटात तेरावाला बोल्ट घातला की पहिला दीड वेढा अगदी गोडीगुलाबीने जातो आणि मग दोघांची भांडणे लागतात. दुकानदाराला हे सांगून उपयोग नसतो. “हाफ इंच म्हणजे हाफ इंच, मालक,” एवढेच तो म्हणतो आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे तो नट हातावर घेऊन जायचे. तो तुमच्याकडे न बघता नटाकडे बघतो, अंगठ्याने आटा चाचपतो आणि म्हणतो, “बीएसडब्ल्यू आहे.” म्हणजे व्हिटवर्थच. त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते मुलाच्या बारावीच्या निकालाला उमटले नव्हते. सूत जुळणे म्हणतात ते हेच.

नट सुटला की आतले बेअरिंग दिसते. जुन्या यंत्रात ते गोळ्यांचे नसते. बिडाच्या घरात पांढऱ्या धातूचा एक मऊ थर ओतलेला असतो आणि त्यात पोलादी दांडा तेलावर फिरतो. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या या मिश्रणाला जगभर आयझॅक बॅबिटचे नाव आहे. या अमेरिकनाने १८३९ साली त्याच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. कल्पना अशी की दोघे एकमेकांवर घासणार हे ठरलेलेच आहे, तर महागड्या दांड्याने झिजू नये. शेजारी एक मऊ जोडीदार द्यावा, त्याने झिजावे आणि काही वर्षांनी नवा ओतून घ्यावा. एकाने मिरवत फिरायचे आणि दुसऱ्याने मुकाट झिजायचे, हे तत्त्व आपल्याकडे कित्येक संसारांत पेटंटाशिवाय चालू होते. नवा थर ओतल्यावर दांड्याला निळा रंग लावून तो आत ठेवायचा, एक वेढा द्यायचा, उचलायचा. धातूवर जिथे निळे डाग उमटले तिथे उंचवटा. तो खरवडणीने अगदी हलकेच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा वेढा, पुन्हा डाग. सुरुवातीला तीन मोठे डाग असतात. संध्याकाळपर्यंत ते पंधरा होतात, आणि त्या पंधरा डागांकडे हा माणूस असा पाहतो की वाटावे अंगणात तुळशीला मंजिऱ्या आल्या. हे काम किती बारकाईने चालते, याला ‘केसभर’ हेच माप आहे. ज्या सुतापासून आरंभ झाला, ते आता त्याला दरीएवढे वाटू लागते.

गंजाची कथा मात्र सोलापूर जिल्ह्यातच शोभून दिसते. गंज काढायचे उपाय अनेक आहेत: रॉकेल, लिंबूफूल, वाळूचा मारा. त्यांपैकी सर्वांत सौम्य उपाय म्हणजे उसाची मळी पाण्यात कालवून लोखंड त्यात दोनतीन आठवडे बुडवून ठेवणे. मळी गंज धरते आणि लोखंडाला फारसे दुखवत नाही. आता साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळी म्हणजे समुद्रकाठी मीठ, असे वाटेल. पण मळीपासून दारू होते, त्यामुळे मळीवर उत्पादन शुल्क खात्याचा पहारा असतो आणि तिच्या ने-आणीला परवाना लागतो. रंधा मशीन आंघोळीला घालायचे आहे, हे कारण परवान्याच्या कुठल्या रकान्यात भरायचे? मग हौशी माणसाची नजर स्वयंपाकघरातल्या काकवीच्या बरणीवर जाते. इथून पुढचे संवाद इथे छापण्याजोगे नाहीत. “अहो, भाकरीबरोबर खायची ती” एवढे वाक्य नमुन्याला पुरे. दुसरा मार्ग विजेचा. टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी, त्यात गंजका भाग, बाजूला एक टाकाऊ पत्रा, आणि बॅटरी चार्जरच्या दोन तारा; गंजक्या भागाला ऋण, पत्र्याला धन. रात्रभरात गंज सुटतो. तारा उलट लागल्या तर पत्रा निर्मळ होतो आणि यंत्राचा भाग झिजू लागतो. भंगाराचे यंत्र आणि यंत्राचे भंगार यांत अंतर केवढे, तर दोन चिमट्यांचे. हौसेच्या बाजूने लिहिताना ही गोष्ट लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, म्हणून लिहिली.

आता पहिला गंभीर आक्षेप. एवढे करून या माणसाने बनवले काय? एक स्टूलसुद्धा नाही! हा आक्षेप करणाऱ्याने कृपया आषाढात पंढरपूरच्या रस्त्याला यावे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एसटी आहे, रेल्वे आहे, आणि पोचायचेच असेल तर दोन्ही बऱ्यापैकी पोचवतात. तरी लाखो माणसे चालत येतात. त्यांच्यापैकी एकालाही ‘अहो, गाडीने स्वस्त पडले असते’ असे सांगायची कुणाची छाती होत नाही, कारण सर्वांना मनातून ठाऊक असते की ती माणसे नुसती पोचायला निघालेली नाहीत. चालणे हा पोचण्याचा खर्च नव्हे. रंधा मशीनवाल्याची पायरी वारकऱ्याच्या आसपासही नाही, त्याच्याकडे भक्ती नाही आणि शिव्या पुष्कळ आहेत. पण हिशेबाचा प्रकार एकच. तो फर्निचरच्या गावाला निघालेलाच नाही. निघाला असता तर नव्या पेठेत जाऊन तयार कपाट घेऊन आला असता.

याच जिल्ह्यात या गोष्टीचा उलटा पुरावाही आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू केली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, नंतर लातूरला आणि मिरजेलाही. त्या गाडीतून माणसे, शेंगा, कापूस, वारकरी, सगळे खरोखरीच्या कामाने जात होते. ती उपयोगी होती, म्हणून उपयोगाने तिचा निकाल लावला: या शतकाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत ते मार्ग रुंद झाले आणि छोटी गाडी गेली. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची तितकीच चिमुकली, १८६५ ची गाडी होती. तिचा धंदा बसला तेव्हा काही छांदिष्टांनी १९५० साली मंडळ काढले आणि १९५१ पासून स्वतः कोळसा मारून, स्वतः तिकिटे फाडून ती चालवायला घेतली. तिच्यात बसून कुणाला कुठे तातडीने जायचे नसते. ती अजून चालते. ज्याचा उपयोग आहे ते उपयोग संपेपर्यंत टिकते. ज्याचा उपयोगच नाही त्याला संपायला काही कारण उरत नाही. रंधा मशीनने एकही स्टूल न बनवणे, हे अशा दृष्टीने पाहिले तर त्याच्या दीर्घायुष्याचे लक्षण आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो थेट मराठी उद्योगाच्या इतिहासातून येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे नांगर खपू लागले, १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कृपेने किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा त्यांना मिळाल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. आता आक्षेपक विचारतो: तुमचा हौशी माणूस त्या वेळी गडावर असता तर? प्रश्न रास्त आहे. त्याने तोफेला आधी काकवीत बुडवले असते, मग तिच्या आट्यांचा कोन मोजला असता, मूळ रंग कोणता होता यावर दुसऱ्या हौशी माणसाशी वर्षभर बोलणे टाकले असते, आणि महाराष्ट्रात तोफा चकचकीत होऊन जमिनी पडीक राहिल्या असत्या. हे मी मान्य करतो. सगळाच समाज असा झाला तर चालणार नाही. पण आजची स्थिती काय आहे? लोखंडाची टंचाई नाही. भंगारात गेलेल्या रंधा मशीनचा नांगर होत नाही. झालीच तर एखाद्या अपार्टमेंटच्या खांबातली, कुणाला कधीच न दिसणारी सळई होते. तोफेचा नांगर झाला हे तोफेचे भाग्य. रॉचडेलच्या रंध्याची सळई होणे याला भाग्य म्हणायला जीभ रेटत नाही.

‘एका बंद यंत्रासाठी इतका खटाटोप?’ असे विचारणारे सोलापूरकर भेटले की मात्र आश्चर्य वाटते. बंद यंत्र चालू करण्याचा देशातला बहुधा सर्वांत थोर खटाटोप याच गावासाठी झालेला आहे. इथली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे गावाच्या तोंडी जुनी मिल. ती १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताक व्हायला तीन आठवडेही उरलेले नसताना, सरकारने खास या एका कंपनीसाठी अध्यादेश काढला, संचालकांना बाजूला केले आणि कारभार आपल्या हाती घेतला. मागाहून संसदेचा कायदाही झाला. एक भागधारक चिरंजितलाल चौधरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. मग द्वारकादास श्रीनिवास यांचा दावा वर आला आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच व्यवस्थेला घटनाबाह्य ठरवले. कायद्याचे विद्यार्थी आजही समानतेच्या आणि मालमत्तेच्या हक्काची प्रकरणे शिकताना सोलापूरचे नाव पाठ करतात, चादरीशी काही संबंध नसताना. ज्यांनी जुने बेअरिंग बसवले आहे त्यांना हा घटनाक्रम ओळखीचा वाटेल: एकदा घट्ट बसले म्हणून आनंद करायचा, तीन वर्षांनी उघडून पाहायचे तर मुळात चुकीचेच बसले होते. फरक एवढाच की सरकार, संसद आणि न्यायमूर्ती यांना जे एवढ्या खटपटीने नीट लागले नाही, ते या गृहस्थाच्या शेडमध्ये दोन उन्हाळ्यांत लागते. गावाच्या उंच धुराड्यांचे काय करायचे ते त्याच्या हातात नव्हते. तीनचारशे किलोचे मात्र होते.

तिसरा आक्षेप बोटांचा, आणि तिथे विनोद आवरता घ्यावा लागतो. अगदी जुन्या रंध्यांचा पात्यांचा रूळ गोल नसून चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजूंपाशी एवढी मोकळी फट असे की बोटे आत ओढली जात. इंग्लंडने १९२२ च्या नियमांनी हाताने फळी ढकलायच्या रंध्यांवर गोल रूळ सक्तीचा केला, तो उगाच नव्हे. मूळ अवस्था जपण्याच्या नादात चौकोनी रूळ तसाच ठेवणाऱ्या माणसाचे समर्थन मी करणार नाही. मूळ अवस्थेत यंत्राबरोबर दहा बोटेही होती आणि तीही जपायची आहेत. पण सांगायची गोष्ट अशी की यंत्र महिनोन्महिने उघडून बसलेल्या माणसाला पाते कुठे आहे, किती वर आहे, कुठल्या दिशेने फिरते हे आपल्या तळहाताइतके ठाऊक असते. पेटीतून काढून थेट भिंतीतल्या खटक्याला जोडलेल्या नव्या यंत्राविषयी माहितीपत्रक असते, आणि माहितीपत्रक पेटीबरोबर माळ्यावर गेलेले असते. नवे घ्या, असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे की नवे बिघडले तर कुठून उघडते? बहुतेक वेळा ते उघडतच नाही. बिघडण्याआधी ते नवे असते आणि बिघडल्यावर कचरा. मधली म्हातारपणाची अवस्था त्याला दिलेलीच नाही. सोलापूरच्या माणसाला हे रुचू नये. या गावाची कडक भाकरी महिना महिना टिकते आणि चादर आजोबांकडून नातवाकडे येते. इथे टिकण्याचीच चव लोकांच्या जिभेवर आहे.

मोटरीचा प्रश्न तेवढा राहिला. जुनी मोटर तीन फेजची, घरात महावितरणचा एक फेज. त्याही आधी गिरणीत यंत्राला स्वतःची मोटरच नसे. छताखालून एक लांब दांडा फिरायचा आणि प्रत्येक यंत्राला चामडी पट्टा खाली यायचा. त्या पट्ट्याच्या पुलीकडे नीट पाहिले तर ती मधोमध किंचित फुगीर असते. प्रथम वाटते, झिजली असेल. उलट आहे. सपाट पुलीवर पट्टा घसरून खाली पडतो. फुगीर पुलीवर तो आपण होऊन सर्वांत उंच भागाकडे चढतो आणि तिथेच राहतो. धरायला कडा नाही, टोचायला खिळा नाही, नुसता केसभर फुगवटा. ज्याने हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले त्याला त्या दिवशी जेवायला हाक मारून उपयोग नसतो. तो पट्टा मुद्दाम बोटाने कडेला सारतो आणि तो पुन्हा मधोमध येतो का ते पाहतो. तो येतो. मग तो शेजाऱ्यालाही बोलावून दाखवतो. शेजारी ‘अरे वा’ म्हणतो आणि विचारतो, “पण ह्याच्यावर कपाट कधी?”

अखेर यंत्र लागते. कुठल्याशा पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून निघालेली सागवानी फळी पुढच्या टेबलावर ठेवली जाते, रूळ गुरगुरतो, ढलप्यांचा पाऊस पडतो आणि शंभर वर्षांच्या काळ्या थराखालून मधासारखा रंग बाहेर येतो. घरची मंडळी प्रथमच शेडमध्ये येऊन उभी राहतात. पाट होईल, देवघर होईल, निदान मसाल्याची फळी होईल, असे ज्याचे त्याचे अंदाज सुरू होतात. गृहस्थ फळी हातात धरून खाली वाकलेला असतो. शेडमधली शहाबादी फरशी मागच्या डाव्या कोपऱ्यात खचलेली आहे आणि चालू झालेले यंत्र तिथे डगमगते आहे, हे त्याच्या आत्ताच लक्षात आलेले असते. तो खिशातली पट्टी काढतो, फरशी आणि यंत्राचा पाय यांतली फट मोजतो आणि करवत मागतो. एक सूत भरते. त्या फळीच्या टोकाची तेवढ्या जाडीची चकती कापून तो यंत्राच्याच पायाखाली सरकवतो, आणि उरलेली फळी, पुढच्या आठवड्यात भंगारवाला एक जुनी करवत दाखवणार आहे तिच्या पायासाठी, भिंतीला टेकवून ठेवतो.